माकडांचा अनध्याय

१

मुक्ताचं तोंड पडद्यावर उघडं राहिलं ते राहिलंच. अर्धी ऋचा तिच्या ओठांबाहेर आली होती, उरलेली अर्धी चंद्रपूर आणि काशी यांच्यामध्ये कुठंतरी लोंबकळत राहिली. पद्मानं दोनदा "हं, पुढे" म्हटलं. समोरची मुलगी हलेना, पापणीही लववेना, तेव्हा तिनं मांडीवरचा हात उचलून जमिनीवर आपटला.

"ताई, पुन्हा तुटली गं!"

शरदिनी स्वयंपाकघरात दुधावरची साय काढत होती. वाटी तशीच ठेवून ती गच्चीवर गेली. रेल्वेत सारा जन्म तिनं हरवलेल्या मालाचे दावे तपासण्यात काढला होता. कुणाची पेटी कुठं फुटली, कुणाचं पोतं कुठं गळालं, हे शोधता शोधता केस पांढरे झाले. निवृत्त झाल्यावर ती राजा घाटामागच्या या गल्लीत धाकट्या बहिणीकडे येऊन राहिली. वाटलं होतं, आता गंगा बघत बसायचं. पण चोरी काही माणसाची पाठ सोडत नाही.

इंटरनेटची तार गल्लीतल्या खांबावरून निघे, शेजारच्या ढुंढिराजशास्त्र्यांच्या कठड्यावरून येई, मग वेदपाठशाळेच्या गच्चीला वळसा घालून यांच्या घरात शिरे. पाठशाळेच्या कोपऱ्यावर ती तुटली होती. वरचं काळं साल कुरतडलेलं, आतला धागा मोडलेला. दातांचे ठसे स्पष्ट होते. एक माकडीण पिल्लू पोटाशी धरून टाकीवर बसली होती आणि शरदिनीकडे अशी बघत होती, जणू शरदिनीनंच तिचं काही चोरलंय.

"बघितलंस? माकडच," मागून पद्मा म्हणाली.

"दिसतंय खरं."

शरदिनीनं तारेचं टोक उचललं आणि लगेच हात झटकला. टोकाला काळ्या मुंग्या लागल्या होत्या.

खाली फोन वाजला. परीक्षा मंडळाचे चिटणीस बोलत होते. नेमकं मुक्ताच्या सरावाच्या वेळी त्यांनी ऐकायला यावं आणि नेमकी तेव्हाच तार तुटावी!

"पद्माताई, एकादशीला मुक्ताची परीक्षा आहे. परीक्षक पुण्याहून आणि नाशकाहून ऐकणार, गुरूच्या घरून शिष्येनं म्हणायचं, असं ठरलंय. तुमच्या आग्रहाखातर एकदा मान्य केलं. मध्येच खंड पडला तर परीक्षा रद्द. मग घरून शिकवणं, मुलींना शिकवणं, हे सगळे विषय पुन्हा आमच्यापुढे आणू नका."

पद्मानं फोन ठेवला. वडिलांनी तिला लहानपणी ऋग्वेदाची संथा दिली होती, कारण भाऊ पतंग उडवायला पळायचा आणि ही दाराआडून ऐकून बिनचूक म्हणायची. आता ती तीच संथा दूरदूरच्या मुलींना देत होती. मुक्ता पहिली, जी परीक्षेपर्यंत पोचली. ती उत्तीर्ण झाली तर पाठशाळेचे विश्वस्त नवा ऑनलाइन विभाग पद्माच्या हाती देणार होते. नाहीतर दार कायमचं बंद.

"माकडांपुढे हरू मी?" पद्मा म्हणाली. "काशीत राहून?"

२

तार जोडायला लल्लन आला. गल्लीतला केबल टीव्ही त्याचाच, फायबरही त्याचंच. तोंडात पान, खांद्यावर पिशवी.

"बंदर है, दीदी. बनारस में तार का एक ही दुश्मन है."

"मग माकड शिवणार नाही अशी तार दे."

"अब सुनिए. टीवी वाला मोटा केबल दे दूँ? उसमें पूरा मोहल्ला साथ बैठता है. शाम को सब सीरियल लगाएँगे, आपका वेद अटक जाएगा. और जाएगा तो वो भी छत से ही. फायबर की बात अलग है. काँच का धागा है, इसमें उजाला दौड़ता है. बस एक ऐब है. ताँबे का तार टूटे तो छीलकर मरोड़ दो, ये टूटे तो मशीन से जोड़ना पड़ता है." तो बोलता बोलता ओरडला, "अरे बाप रे! बंदर कम थे जो चींटी भी काटेगी?"

तेवढ्यात भाचा निमिष आला. त्याचं बिनतारी इंटरनेटच्या डब्यांचं दुकान होतं आणि लल्लनशी त्याचं हाडवैर.

"आत्या, वायर ही गोष्टच संपली आता. गच्चीवर डबा लावतो, रामनगरच्या बाजूचा टॉवर सरळ दिसतो. हवा को बंदर क्या काटेगा?"

"हवा!" लल्लन पान सांभाळत हसला. "नहान के दिन घाट पर लाख आदमी वीडियो कॉल करेगा, तब देखना अपनी हवा."

"तुम अपना काँच जोड़ो, चचा."

पद्मानं दोघांचं ऐकून घेतलं. तिचा निवाडा कानाचा होता. फायबरवर तिनं चरण म्हटला की मुक्ताचा उत्तराचा आवाज ती समोर बसल्यासारखा येई. निमिषच्या मोबाइलवरून म्हणून पाहिलं, तर मध्ये एका श्वासाचा उशीर. टीव्हीच्या केबलवर संध्याकाळी स्वर तुटके येत. उदात्त कुठला, अनुदात्त कुठला, कळेना.

"आणि ही?" शरदिनीनं भिंतीवरच्या जुन्या टेलिफोनकडे बोट केलं. वडिलांच्या वेळची सरकारी तांब्याची लाइन. ती गच्चीवरून येत नव्हती, भिंतीतल्या लोखंडी नळीतून गल्लीत उतरत होती. मंद इंटरनेट तिच्यावरही चाले.

"आत्या, वो म्युझियम में दे दो," निमिष म्हणाला. "तिच्यावर चित्रच दिसणार नाही."

शेवटी फायबर जोडून घेतलं आणि शिवाय निमिषचा डबाही लावला. डबा वर न्यायला विश्वेश्वर धावून आले. पाठशाळेचे हे शिक्षक चाळिशीचे, गोड बोलणारे. पद्मानं मुलींना शिकवावं असं सगळ्यात आधी यांनीच विश्वस्तांपुढे म्हटलं होतं. डबा रामनगरकडे तोंड करून बसवेपर्यंत ते उन्हात उभे राहिले. शेजारच्या गच्चीवरून ढुंढिराजशास्त्री कपाळाला आठ्या घालून सगळं बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्ताचा वर्ग सुरू झाला. थोड्या वेळात फायबर गेलं. पद्मानं घाईनं निमिषच्या डब्यावर जोडून घेतलं. चार ऋचा झाल्या नाहीत तोच तेही गेलं.

शरदिनी वर आली. डबा जागेवर नव्हता. समोरच्या देवळाच्या शिखरावर एक हुप्प्या तो मांडीत घेऊन चाटत बसला होता.

३

"चाटत होता," शरदिनी स्वतःशीच म्हणाली. माकड डबा फेकतं, आपटतं, कुतूहलानं चावूनही बघतं. पण चाटतं कशाला?

एवढं म्हणून ती ढुंढिराजशास्त्र्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. दोघं याच गल्लीत लहानाची मोठी झालेली.

"ढुंढिराज, तार तू तोडतोस का?"

पाटावर बसलेल्या शास्त्र्यांनी पोथी मिटली. "आलीस? मला वाटलंच होतं. गल्लीत काही सांडलं की आधी माझ्या दाराशी यायचं!"

"तू चारचौघांत म्हणालास की बाईच्या तोंडी वेद शोभत नाही."

"म्हणालो. उद्याही म्हणेन. विश्वस्तांसमोर म्हणेन, तुझ्या बहिणीसमोर म्हणेन. मी विरोधक आहे, चोर नाही. अडवायची असेल तर तोंडावर अडवीन, तारेवर कशाला?"

"तार तुझ्या कठड्यावरून जाते."

"आणि तिचा आवाज माझ्या देवघरात येतो, त्याचं काय? रोज! अष्टमी नाही, प्रतिपदा नाही. अनध्यायाला वेदाभ्यास बंद ठेवावा हे शेंबड्या पोरालाही कळतं. आणि ही खुशाल वर्ग घेते. म्हणे, आज संथा देत नाही, फक्त उच्चारांचे नियम सांगते. पळवाट!"

"शास्त्राला धरूनच आहे ते. तुलाही माहीत आहे."

"माहीत आहे म्हणूनच जास्त राग येतो," शास्त्री म्हणाले आणि स्वतःच जरा ओशाळले. मग खुंटीवरची पिशवी काढून उठले. "चल, वाट सोड. माकडांना गूळफुटाणे घालायची वेळ झाली."

"तूही घालतोस?"

"काशीत कोण घालत नाही?"

पाठशाळेत विश्वेश्वर भेटले. त्यांनी शरदिनीला खुर्ची दिली, हातावर प्रसाद ठेवला. प्रसाद गूळफुटाण्यांचाच.

"ताई, मला तर रडू येतं. एवढी विद्या आणि एका तारेपायी अडते. मी पद्माताईंना कितीदा म्हटलं, परीक्षा आमच्या सभागृहात घ्या. इथली तार जमिनीखालून येते, माकडाचा संबंध नाही. वर्गही इथूनच घ्या. व्यवस्था मी बघतो, त्यांनी फक्त शिकवायचं."

"नाव कुणाचं?"

"नाव पाठशाळेचंच ना. माझ्या देखरेखीखाली." ते हसले. "मी इथं आहे तोवर काळजी करू नका. अष्टमी-प्रतिपदा, पौर्णिमा-अमावास्येला तेवढा रामनगरला घरी जातो. पाठशाळेला सुट्टी, तुमचाही वर्ग बंद. बाकी दिवस माझा डोळा असतो गच्चीवर."

शरदिनीनं प्रसाद तोंडात टाकला आणि घरी आली. दारातच निमिष आणि लल्लन भांडत होते. माझा डबा यानंच माकडाला दाखवला, असं निमिषचं म्हणणं. माझी तार तुटावी म्हणून हाच माकडं पाळतो, असं लल्लनचं. दोघांकडे कारण होतं. दोघांचंही नुकसान झालं होतं. आणि दोघंही एकमेकांची गचांडी धरायच्या बेतात होते.

"अरे, गप्प बसा," शरदिनी म्हणाली. "मला एक सांगा. तुम्हाला सुट्टी कधी असते?"

"धंधे में कैसी छुट्टी, दीदी?"

"आत्या, आम्ही दिवाळीलाही दुकान उघडतो."

"बरं," ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की दोघं भांडायचं विसरले.

४

दुपारी पद्मा पोळ्या लाटत होती. शरदिनी समोर बसून भाजी निवडत होती.

"पद्मे, आमच्या ऑफिसात एक पद्धत होती. माल गळाला की नवे लोक विचारायचे, कुठं गळाला? जुने लोक विचारायचे, सलामत कुठं उतरला? जिथं काही झालं नाही तिथून माग लागतो."

"म्हणजे?"

"तार कधी तुटली नाही?"

"कधी नाही?" पद्माचं लाटणं थांबलं. "आज सकाळी तुटली, परवा तुटली. त्याच्या आधी, सप्तमीला. षष्ठीलाही."

"अष्टमीला?"

"अष्टमीला..." पद्मा आठवत राहिली. "नाही. अष्टमीला उच्चार घेतले, मुक्ता चांगली तासभर होती. मागच्याही अष्टमीला. प्रतिपदेलाही नाही गं. पौर्णिमेला नाही, अमावास्येला नाही."

पोळी तव्यावर करपायला लागली. शरदिनीनं हात लांब करून ती उलटली.

"काशीतली माकडं फार विद्वान झाली म्हणायची. अनध्याय पाळतात."

पद्मा उभीच राहिली. "ढुंढिराज! दुसरं कोण? अनध्यायाचं सोवळं त्याच्याइतकं कोण पाळतं? थांब, आज त्याची शेंडी धरून गल्लीभर—"

"बस खाली."

"नाही बसत! जन्मभर ऐकून घेतलं. दाराआडून शिक, हळू म्हण, लोक काय म्हणतील. आता घरात बसून शिकवते तर तार तोडायची?"

"पद्मे, आधी गच्चीवर चल. मग ज्याची धरायची त्याची शेंडी धर."

कोपऱ्यात लल्लननं टाकून दिलेला तारेचा तुकडा पडला होता. मुंग्या अजून त्याला सोडत नव्हत्या. शरदिनीनं तुकडा झटकला, त्यावर बोट फिरवलं आणि बोट जिभेला लावलं.

"शी, ताई!"

"गूळ," शरदिनी म्हणाली. "गुळाचा पाक."

५

संध्याकाळपर्यंत दोघी बोलत बसल्या. पद्मा पुन्हा पुन्हा ढुंढिराजावर येई आणि शरदिनी तिला पुन्हा पुन्हा मागे खेची.

"तार माकडानंच तोडली, हे लोकांचं खरं. पण माकडाला जेवायला बोलावलं कुणी? गच्चीवर गूळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाला या गावात कोणी हटकत नाही. पुण्य करतोय म्हणतील. लल्लन आणि निमिष यांना तिथीचं सोयरसुतक नाही. त्यांनी केलं असतं तर अष्टमीलाही तुटली असती. म्हणजे माणूस असा हवा, ज्याचा दिवस तिथीनं चालतो. असे दोन. ढुंढिराज आणि विश्वेश्वर."

"विश्वेश्वर? अगं, त्यांनीच तर माझी बाजू—"

"ऐक. तू अष्टमीला शिकवतेस हे ढुंढिराजला माहीत आहे. त्याला सगळ्यात जास्त राग त्याच दिवशी येतो. पाक ओतायचा असता तर त्यानं आधी अष्टमीलाच ओतला असता. आणि विश्वेश्वर मला आज म्हणाले, अष्टमीला तुमचाही वर्ग बंद. त्यांना माहीतच नाही. ते त्या दिवशी रामनगरला असतात. वैदिकाच्या घरात अनध्यायाला वर्ग चालेल, हे त्यांच्या स्वप्नातही येत नाही."

 पद्मा म्हणाली, "सभागृहात या. देखरेखीखाली या. मी ते प्रेम समजत होते."

"तार तुटली की तू एक पाऊल त्यांच्या सभागृहाकडे सरकत होतीस. आणखी चारदोन वेळा तुटली असती तर स्वतःच्या पायांनी गेली असतीस आणि आभारही मानले असतेस."

"मग आता तोंडावर विचारते त्यांना."

"विचार. ते म्हणतील, माकडांना प्रसाद घातला, गुन्हा केला का? आपल्याकडे अनुमान आहे. दावा अनुमानावर मिळत नाही, साक्षीदार लागतो. आणि साक्षीदार असा हवा, ज्याला आपण जिंकावं असं मुळीच वाटत नाही."

एकादशीच्या आधीची अष्टमी जवळ आली होती. शरदिनी पाठशाळेत गेली आणि एकट्या विश्वेश्वरांच्या कानावर घालून आली: उद्या अष्टमी असली तरी पद्मा वर्ग घेणार आहे, परीक्षा मंडळाचे चिटणीस उच्चार ऐकणार आहेत, लल्लननं फायबर नवं टाकलंय, त्यावरच सगळी भिस्त.

"अष्टमीला?" विश्वेश्वर म्हणाले.

"संथा नाही. उच्चारांचा सराव."

"हां, हां. तेवढं चालतं."

मग ती ढुंढिराजकडे गेली. त्यांनी आधी ऐकायलाच नकार दिला. मग म्हणाले, "गच्ची माझी आहे. माझ्या गच्चीवर मी कधीही उभा राहू शकतो. तुझ्यासाठी नाही."

अष्टमीची सकाळ. शास्त्र्यांच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे दोघं बसली. शास्त्र्यांचे गुडघे कुरकुरत होते आणि त्याहून जास्त शास्त्री. खालून पद्माचा आवाज येऊ लागला.

"बघ, सुरू झाली. आज अष्टमी आहे," ते पुटपुटले.

"शू."

पाठशाळेच्या गच्चीचं दार उघडलं. सोवळं नेसलेले विश्वेश्वर आले. एका हातात वाटी, दुसऱ्या हातात पळी. त्यांनी इकडेतिकडे पाहिलंही नाही. रोजच्या पूजेसारखं शांतपणे कोपऱ्याशी गेले, पळीनं तारेवर पाकाची धार धरली, वर फुटाणे टाकले. मग जिभेनं टक्‌टक् केलं. शिखरावरून, टाकीवरून, कठड्यावरून माकडं अशी आली, जणू पंगतीला पानं वाढली आहेत.

तार तुटायला वेळ लागला नाही.

पण खालचा आवाज थांबला नाही. पद्मा म्हणत होती, कुणीतरी उत्तर देत होतं, पद्मा पुन्हा सुधारत होती. विश्वेश्वरांनी तुटलेल्या तारेकडे पाहिलं. मग जिन्याकडे पाहिलं. मग पुन्हा तारेकडे.

"जुन्या टेलिफोनच्या लाइनवर आहे ती," शरदिनी टाकीमागून उठत म्हणाली. "तिला गूळ लावायचा तर भिंत फोडावी लागेल."

ढुंढिराजशास्त्री टाकीला धरून उठले. "विश्वेश्वर. आज रामनगरला नाही गेलास?"

"शास्त्रीजी... मी प्रसाद..."

"प्रसाद तारेवर वाढतात? सोवळ्यात?"

पद्मा आपल्या गच्चीवर आली होती. ती दारातच थांबली. विश्वेश्वर तिच्याकडे वळले.

"ताई, मी तुमचं वाईट नाही चिंतलं. तुम्ही शिकवावं असंच म्हणत होतो. पण पाठशाळेत मी इतकी वर्षं घालवली आणि विभाग घरबसल्या तुमच्या हाती? मी फक्त छपराखाली या म्हणत होतो."

"छप्पर आहे मला," पद्मा म्हणाली. "वडिलांनी बांधलेलं. आणि परीक्षा त्याच्याखालीच होईल."

"विश्वस्तांना मी सांगतो," शास्त्री म्हणाले. "याचं कृत्य सांगतो. आणि बाईनं शिकवणं मला मान्य नाही, हेही सांगतो. दोन्ही सांगतो. मला कुणाची भीती आहे की काय?"

"दोन्ही सांगा," पद्मा म्हणाली. "मोठ्यानं सांगा."

६

विश्वस्तांनी विश्वेश्वरांना पाठशाळेतून रजेवर पाठवलं आणि त्याच दमात पद्माला निरोप धाडला: धोका नको, परीक्षा सभागृहातच घ्या, आता तिथं तुमच्या वाटेला कोणी येणार नाही. पद्मानं निरोप घेऊन आलेल्या माणसाला चहा दिला आणि उलट निरोप दिला की शिकवलं जिथं, परीक्षा तिथंच.

"पद्मे, हट्ट नाही ना हा?" शरदिनीनं विचारलं.

"आहे. हट्टच आहे. आज त्यांच्या छपराखाली गेले तर उद्या सगळे म्हणतील, छपरामुळे जमलं."

दशमीला मुक्ता चंद्रपूरहून आली. उंच, सडसडीत, पायात चपलांचा आवाज करणारी मुलगी. आल्या आल्या तिनं गच्चीवर जाऊन माकडं पाहिली. "हीच का ती? तुमच्यापायी किती वेळा तोंड उघडं राहिलं माझं!"

एकादशीला सकाळी घाटाकडे माणसांचा पूर लोटला. लल्लननं फायबर दोनदा तपासलं, निमिषनं नवा डबा जाळीत बंद केला. पडद्यावर तीन परीक्षक आले, मागून विश्वस्तांचे चेहरे. मुक्ता पद्माशेजारी बसली. पहिला प्रश्न झाला, दुसरा झाला.

आणि पडदा गोठला.

लल्लन गच्चीवर धावला. या वेळी तिथं गूळ नव्हता, माणूस नव्हता. पण माकडांना चव लागली होती. तार दिसली की ती चाखून बघायची, हे त्यांना कुणीतरी शिकवलं होतं आणि विसरायला कुणी सांगितलं नव्हतं.

"डबा! आत्या, डबा लावा!" निमिष ओरडला. डबा लावला. पण घाटावर गर्दीच गर्दी आणि प्रत्येकाच्या हातात फोन. परीक्षकांचा आवाज चिंधी फाटावी तसा येऊ लागला आणि मग येईनासा झाला. निमिषनं मान खाली घातली. लल्लननं "मैंने कहा था" म्हणायला तोंड उघडलं आणि पद्माचा चेहरा बघून मिटलं.

शरदिनीनं जुन्या टेलिफोनची तार मोडेममध्ये खोचली. पडद्यावर चित्र आलं नाही. काळ्या पडद्यातून फक्त चिटणीसांचा आवाज आला.

"पद्माताई, खंड पडला."

"ऋचा संपल्यावर पडला. मध्ये नाही."

"पण आता चित्र नाही. मुलगी पोथीत बघून म्हणत नाही, हे आम्ही कसं समजायचं?"

 मुक्तानं मान वर करून गुरूकडे पाहिलं. पद्मा ताठ झाली.

"तुम्ही वेद डोळ्यांनी तपासता का? माझ्या वडिलांची परीक्षा झाली तेव्हा परीक्षक डोळे मिटून बसले होते. कुठूनही विचारा. कुठल्याही मंडलातला, कुठल्याही सूक्तातला एक शब्द द्या. पोथीत ते पान सापडायच्या आत तिचं म्हणून झालेलं असेल. नसेल झालं, तर रद्द करा, मी हं की चूं करणार नाही."

पलीकडे कुजबूज झाली. मग सगळ्यात वयस्कर परीक्षकांचा खोकला ऐकू आला आणि त्यांनी एक शब्द उच्चारला, सहाव्या मंडलातला, आडवाटेचा.

शब्द संपायच्या आत मुक्तानं पुढचा धरला.

त्यांनी तिला मध्येच तोडून दुसरा शब्द दिला. तिनं तोही धरला. तिसरा दिला, तिथून पुढे क्रमपाठानं म्हणायला सांगितलं. ती दोन-दोन पदं एकमेकांत गुंफत पुढे गेली, एकही स्वर न डगमगता. तांब्याची जुनी तार चित्र वाहून नेऊ शकत नव्हती, पण आवाज ती खणखणीत नेत होती.

"पुरे," काळ्या पडद्यातून वयस्कर आवाज आला. त्याची धार गेली होती. "पुरे, बाळ. समाधान झालं आमचं. उत्तीर्ण आहेस."

मुक्ता थांबली नाही. अध्याय अजून बाकी होता. चिटणीस पुन्हा म्हणाले, "झालं, झालं, पुरे." निमिषनं हळूच तिला हात केला. तिनं तिकडे पाहिलंही नाही.

"पद्माताई, थांबवा तिला. परीक्षा संपली."

"तुमची संपली," पद्मा म्हणाली. "इतके दिवस तिला प्रत्येकानं मध्येच तोडलं. आज तिचा अध्याय पुरा होऊ दे. ज्याला ऐकायचं नसेल त्यानं खुशाल फोन ठेवावा."

कुणीही फोन ठेवला नाही. मुक्ता म्हणत राहिली.